सरकारचा वकील म्हणजे सरकारचाच ना?

माझी भाची यंदा वकील झाली. महाधिवक्त्यांच्या कार्यालयातल्या एका वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम मिळतंय, घेऊ का, असं विचारायला आली. दादा, म्हणजे तिचे बाबा, तयार नव्हते. "सरकार सांगेल तेच बोलावं लागेल हिला!" मीही इंदूर खंडपीठात वकिली करते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

आधी पदं सांगते. केंद्राचे महान्यायवादी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, घटनेच्या कलम ७६ प्रमाणे नेमले जातात. संसदेत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. राज्यात हे काम महाधिवक्ता करतात, कलम १६५. सॉलिसिटर जनरल त्यांच्या खालचे. घटनेत त्यांचा उल्लेखही नाही.

मग तिला आपल्याच राज्यातून गेलेला खटला सांगितला. आणीबाणीत मिसाखाली डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येते, असं आपल्या उच्च न्यायालयासह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं. सरकार वर गेलं. खटला ओळखला जातो तो जबलपूरच्या एडीएमच्या नावाने. सरकारतर्फे महान्यायवादी निरेन डे उभे होते. न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार केलं, तरी दाद नाही? डे म्हणाले, माझ्या युक्तिवादाप्रमाणे, आणीबाणी आहे तोवर नाही.

२८ एप्रिल १९७६ ला सरकार चार विरुद्ध एक असं जिंकलं. एकटे खन्ना विरोधात. पुढे त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं. चौघांत आपले यशवंत चंद्रचूडही होते. २०१७ मध्ये त्यांच्याच मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी, तो निकाल चूक ठरवला.

"पण आत्या, डे यांनी कोर्टात खोटं बोलायला हवं होतं का?"

मुळीच नाही. उलट त्यांच्या उत्तराने सरकारचं म्हणणं किती भयंकर आहे, ते उघडं पडलं. माझा आक्षेप आधीचा आहे: ती बाजू घेऊन उभंच का राहायचं? फली नरिमन तेव्हा अतिरिक्त सॉलिसिटर जनरल होते. आणीबाणी लागताच, जून १९७५ मध्येच, त्यांनी राजीनामा दिला.

दादा म्हणाला, "नरिमनांचं नाव झालेलं होतं. हिने राजीनामा दिला तर घरभाडं कोण भरेल?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचीने मात्र विचारलं, "भाडं तुम्ही भराल ना, बाबा?" सोमवारी ती रुजू होतेय.