सिस्टिम नवी झाली, मोजणी का थांबली?

मालाचे नग मोजण्यासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवणारे कारागीर आता पुष्कळ आहेत. सेन्सरची तार बोर्डाच्या पिनेला जोडायची, छोटा प्रोग्राम लिहायचा, की काम सुरू. पुढे एक दिवस सिस्टिम अपडेट होते आणि मोजणी शून्यावर थांबते. सेन्सर शाबूत, तार शाबूत, प्रोग्रामचे एक अक्षरही बदललेले नाही. मग बिघडले काय?

आधी इंटरप्ट म्हणजे काय ते पाहू. गिऱ्हाईक आले का म्हणून दुकानदार सारखा दाराकडे पाहत बसला, तर दुसरे काम होणार नाही. दाराला घंटा बांधली की प्रश्न मिटतो. पिनेवरचा विजेचा दाब बदलताच वाजणारी घंटा म्हणजे इंटरप्ट. ती प्रथम कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ऐकतो आणि प्रोग्रामला कळवतो.

हा निरोप पोचवण्याची जुनी वाट म्हणजे 'सिसएफएस'. २०१६ साली लिनक्स ४.८ मध्ये नवी वाट आली आणि जुनी कालबाह्य ठरली. तरी ती चालत राहिली, म्हणून अनेकांनी लक्ष दिले नाही. २०२४ मध्ये रास्पबेरी पायच्या सिस्टिमला ६.६ कर्नल मिळाला आणि अनेक बोर्डांवर जुन्या वाटेचे पिन क्रमांक ५१२ पासून सुरू झाले. १७ नंबरची पिन ५२९ झाली. १७ लाच हाक मारणारी 'आरपीआय जीपीआयओ' ही लोकप्रिय लायब्ररी घंटा बांधू शकेना. घर तेच, पत्ता बदलला, टपाल परत आले!

पक्का उपाय म्हणजे 'लिबजीपीआयओडी' लायब्ररी. ती नव्या वाटेने जाते. तिथे कर्नल प्रत्येक घटना वेळेसह रांगेत ठेवतो, त्यामुळे लागोपाठ आलेले नग सुटण्याचा धोका कमी होतो. मात्र २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर पहिलीसाठी लिहिलेले प्रोग्राम जसेच्या तसे चालत नाहीत. जुना प्रोग्राम फारसा बदलायचा नसेल, तर जुनी लायब्ररी काढून 'आरपीआय-एलजीपीआयओ' बसवावी.

आमच्या कारागीर बंधूंना एवढेच सांगणे : चालत्या यंत्रावर थेट अपडेट करू नका. मेमरी कार्डाची नक्कल काढून तिच्यावर आधी शंभर नग मोजून पाहा. आणि घंटा बांधता आली नाही, तर प्रोग्रामने गप्प न बसता लाल दिवा लावावा, अशी सोय करा. बंद पडलेली मोजणी लगेच कळते. मुकाट्याने शून्य दाखवणारी मोजणी मात्र मजुराची मजुरी आणि मालकाचा हिशेब दोन्ही बुडवते.