मैदानावरचा एक तास : राष्ट्र सेवा दलाची शाखा

शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मुलांनी करायचं काय, हा प्रश्न हल्ली क्लासवाले सोडवतात. मागच्या दोन-तीन पिढ्यांत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी आणि पेठांनी तो वेगळ्या रीतीने सोडवला होता. मुलं सेवा दलाच्या शाखेवर जात.

राष्ट्र सेवा दल नव्या रूपात उभं राहिलं ते ४ जून १९४१ रोजी, पुण्यात. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये यांच्यासारखे समाजवादी सहकारी सोबत होते. धर्माच्या नावावर तरुणांना गोळा करणं जोरात चालू असताना सगळ्या जातिधर्मांच्या मुलामुलींना एका मैदानावर आणायचं, हा या मंडळींचा मनसुबा. सव्वा वर्षातच बेचाळीसचं ‘छोडो भारत’ आंदोलन पेटलं आणि दलाचे अनेक सैनिक थेट त्यात उतरले.

शाखेचा कार्यक्रम साधाच. शिट्टी वाजली की रांगा लागायच्या. थोडं संचलन, थोडी लेझीम, मग खो-खो, लंगडी, हुतुतू. दमल्यावर सगळे गोल करून बसत. समूहगीत होई, एखादी गोष्ट किंवा चालू घडामोडींवर बोलणं होई. याला म्हणायचं बौद्धिक. खर्च जवळजवळ शून्य. पण हुतुतूत गडी धरायचा तर त्याच्या अंगाला हात लावावाच लागतो, आणि खो पाठीवर थाप मारूनच द्यावा लागतो. ज्या गावात पाणवठे वेगळे होते, तिथे या खेळांनी जे केलं ते भाषणांना जमलं नसतं. मुली मुलांबरोबर त्याच मैदानावर खेळत, याचीही त्या काळी घरोघरी कुजबुज होई.

या साऱ्याचा कणा म्हणजे शाखानायक. तो बहुधा हायस्कूल-कॉलेजात शिकणारा पोरगाच असे. मैदान मिळवायचं, हजेरी घ्यायची, भांडण मिटवायचं, चार दिवस न आलेल्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, हे सगळं त्याच्या गळ्यात. पंधरा-सोळाव्या वर्षी माणसं सांभाळायचं हे शिक्षण कुठल्याच वर्गात मिळत नव्हतं.

ज्यांचा पिंड कलेचा, त्यांच्यासाठी कलापथक होतं. कवी वसंत बापटांनी ते घडवलं, पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिलं. निळू फुले, राम नगरकर याच मुशीतून आले. लहानपणी स्मिता पाटीलही कलापथकात होत्या. १९४७मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले, तेव्हा सेवा दलाचं कलापथक त्यांच्या सोबतीला होतं. हमालांचे नेते बाबा आढाव, मुस्लिम समाजसुधारणेसाठी झगडलेले हमीद दलवाई, पुण्याचे महापौर झालेले भाई वैद्य, या सगळ्यांच्या जडणघडणीत दलाचा वाटा आहे.

आज संघटना आहे, शिबिरं होतात. पण रोजच्या शाखांचा तो काळ सरला. समाजवाद्यांच्या फाटाफुटीची झळ दलालाही बसली. मैदानांवर इमारती आल्या आणि मुलांची संध्याकाळ टक्केवारीने गिळली. शिवाय ध्येयवादावर चालणाऱ्या कामात एक शाखानायक नोकरीसाठी गाव सोडून गेला की शाखाच बंद पडायची, हा कच्चा दुवा पहिल्यापासून होताच.

तरी या प्रयोगातली मुख्य गोष्ट अजून शिळी झालेली नाही. मुलांना वाढवायला मोठी मुलं लागतात, आणि त्या मोठ्या मुलांवर विश्वास टाकणारी वडीलधारी माणसं लागतात. आपल्या सोसायटीत, वस्तीत एखादी मोकळी जागा असेलच. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती मुलांना द्या, दहावी-अकरावीतल्या कुणाच्या तरी हाती शिट्टी सोपवा, आणि आपण जरा लांब उभे राहा.