बारा फोटोंचा एक सेकंद

२०२५च्या गणपतीत आमच्या सोसायटीतल्या स्टॉपमोशन व्हिडिओ स्पर्धेत मातीच्या उंदराला पहिलं बक्षीस मिळालं. त्या उंदराला कुणी बोटही लावलं नव्हतं. एक फोटो ॲपला दिला, चालणं-उड्या मारणं यंत्राने रचलं, आणि परीक्षक भारावले. माझा तिळपापड झाला. फोटोंचा व्हिडिओ करणारं 'एफएफएमपेग' हे मुक्त सॉफ्टवेअर त्याच वर्षी डिसेंबरात २५ वर्षांचं होणार होतं, हे त्या संतापातच आठवलं.

तसं एकेक फोटो जोडून हालचाल दाखवण्याचं हे स्टॉपमोशनचं वेड आपल्याकडे जुनं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली आणि ती दाखवूनच भांडवल उभं केलं. पुढे काड्यापेटीतल्या काड्याही नाचवल्या. त्यानंतरची नव्वद वर्षं सोडून देतो. फिल्मचा खर्च झेपणाऱ्यांची होती ती.

आमचा काळ २००५ ते २०१५. डिजिटल कॅमेरे घरात आले होते, उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या सीडी पोस्टाने फुकट यायच्या. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांनी तिथल्या शाळांच्या लिनक्ससाठी 'स्टॉपमोशन' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. आधीचा फोटो त्यात कॅमेऱ्याच्या चित्रावर पुसट दिसायचा, त्यामुळे बाहुलीचा हात किती सरकवायचा ते कळायचं. एक्स्पोजर हाताने पक्कं करायचं, खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा, नाहीतर ढग आला-गेला की व्हिडिओ लुकलुकणार. सेकंदाला बारा फोटो धरले तरी एका मिनिटाला ७२० लागतात. त्यांना ओळीने नंबर द्यायचे, कारण मधला एखादा गळाला की एफएफएमपेग बिनबोभाट तिथेच थांबायचं. फ्रेमचा वेग सांगितला नाही तर ते २५ धरतं, मग माती भूत लागल्यासारखी पळते. रंगांची मांडणी 'वाययूव्ही ४२० पी' लिहायची राहिली, तर आपल्याकडे छान दिसणारा व्हिडिओ दुसऱ्याच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. तक्रार करायला कस्टमर केअर नव्हतं. मॅन्युअल होतं, आणि ते रुक्ष होतं.

या दशकाची माती केली ती भाऊबंदकीने. २०११मध्ये एफएफएमपेगच्या काही विकासकांनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव 'लिबाव'. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींनी लिबावला घरात घेतलं. मग टर्मिनलवर एफएफएमपेग लिहिलं की उत्तर यायचं: हा प्रोग्रॅम कालबाह्य झालाय, 'एव्हीकॉन्व्ह' वापरा. प्रत्यक्षात मूळ एफएफएमपेग ठणठणीत होतं, रोज सुधारत होतं. कालबाह्य होती ती लिबावने त्या नावाने ठेवलेली आज्ञा. वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं असेल, पण वाचणाऱ्याची दिशाभूल करणारंच होतं, आणि ते काही काळ तसंच राहिलं. मुलांना हे शिकवायला बसलेल्या आमच्यासारख्यांच्या टिपणवह्या रद्दीत गेल्या, नवशिकी मुलं वैतागून दुसरीकडे वळली. २०१५मध्ये डेबियन आणि उबुंटू दोघांनीही एफएफएमपेग परत आणलं. झालेल्या गोंधळाबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

तोवर फोन आले होते. फोनवर स्टॉपमोशन सोपं झालं, हे मान्य. पण बऱ्याच ॲपांत फुकट काम केलं की कोपऱ्यात त्यांचा शिक्का, तो काढायचा तर पैसे. आणि ॲप बंद पडलं तर आतला प्रकल्प गेला. आता तर मधल्या फ्रेमाही यंत्रच भरतं. बाहुली रेसभर हलवून, मागे सरून, श्वास रोखून फोटो काढणं हीच तर गंमत होती! ती वगळून उरलेल्या व्हिडिओला बक्षीस देणाऱ्यांनी निदान स्पर्धेचं नाव तरी बदलावं.

लिबावची शेवटची आवृत्ती २०१८ची. एफएफएमपेगची आठवी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली, आणि २००६ सालच्या फोल्डरमधल्या फोटोंचा व्हिडिओ ती आजही एका ओळीच्या आज्ञेत करून देते, शिक्क्याशिवाय.