शिंग : घडण, वादन आणि सावज

घडण : विलायती शिकाऱ्याचा कर्णा आणि आपले तांब्या-पितळेचे, अर्धवर्तुळे जोडून सिद्ध होणारे शिंग ही एकाच कुळातील भावंडे होत, दोहोंना छिद्रे नसल्याने स्वर बदलण्याचा अखत्यार सर्वस्वी वादकाच्या ओठांकडे असतो.

वादन : ओठ जितके आवळावे तितका स्वर चढतो, मात्र मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ठरीव पायऱ्यांखेरीज अन्य स्वरांची दरखास्त नळी साफ नामंजूर करते, आणि नवशिक्याच्या गालांवर तेवढी जप्ती येते.

हिंगोलीस : निजामाच्या अमदानीत येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, घोडदळ गेले, रिसाला बाजार उरला, आणि हल्ली वरातीपुढे शिंग निनादते तेव्हा सावजच घोड्यावर विराजमान असते, शिकारीहून एवढाच काय तो फरक.