काडेपेटी आणि पुस्तकांची भिंत

एक रिकामी काडेपेटी घ्या. आतला काड्यांचा खण काढून बाजूला ठेवा. वरचं कवच टेबलावर असं उभं करा, की त्यातून आरपार दिसेल. आता त्याच्या वरच्या कडेला बोट लावून आडवं ढकला. चौकोन तिरका होतो आणि चपटा होऊन आडवा पडतो. मग आतला खण तसाच उभा करून ढकला. तो तिरका होत नाही. फरक एवढाच, की खणाला तळ आहे आणि कवचाला नाही.

हे मला आमच्या सुतारकाकांनी दाखवलं. मुलीची दहावी होती आणि दीड खोलीच्या घरात तिला अभ्यासाचा कोपरा हवा होता. वीटबांधकाम नको होतं, पडद्यानं भागत नव्हतं. मग ठरलं, की पुस्तकांचं कपाटच भिंतीपासून सोडवून खोलीत आडवं उभं करायचं. उजेड पलीकडे जावा म्हणून मी म्हटलं, मागचा प्लाय काढून टाका. काकांनी काही न बोलता खिशातून काडेपेटी काढली.

कपाटाचा मागचा 6 मिलिमीटरचा प्लाय पुस्तकं मागे पडू नयेत म्हणून असतो, अशी माझी समजूत होती. खरं तर कपाटाला ताठ उभं ठेवणारा तोच. चार कोपऱ्यांतले स्क्रू चौकोनाला चौकोन ठेवू शकत नाहीत, तो पत्र्यासारखा पातळ तुकडा मात्र ठेवतो. मग उजेडाचं काय? सगळा प्लाय ठेवायची गरजच नसते. काही खण मागून बंद आणि काही आरपार, असं आलटून पालटून केलं की ताठपणाही राहतो आणि खिडकीचा उजेडही पलीकडे पोचतो. आमच्याकडे पाच खणांच्या दोन रांगांत मिळून चार खण बंद आहेत. कपाट हलवून बघा, कुरकुरत नाही.

पण ताठ असणं वेगळं आणि न पडणं वेगळं. सहा फुटी म्हणजे साधारण 180 सेंटिमीटर उंच, 30 सेंटिमीटर खोल आणि पुस्तकांसकट 150 किलो वजनाचं कपाट डोळ्यांपुढे आणा. एवढं धूड कोण पाडणार, असंच वाटतं. हिशेब मात्र चकित करतो. दीड मीटर उंचीवर फक्त 15 किलोचा आडवा जोर लावला, की त्याची एक बाजू जमिनीवरून उचलली जाते. वजन सगळीकडे सारखं असेल तर साडेनऊ अंशांच्या आसपास कललं की ते परत फिरत नाही. म्हणून विश्वकोशाचे खंड आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे तळाला, कवितासंग्रह वर. त्यानं भारकेंद्र जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर आलं, तर तोच कोन 13 अंशांपर्यंत जातो. पहिला धक्का तेवढाच लागतो, पण कललेलं कपाट सावरायला जास्त वाव मिळतो.

एवढ्यावर मात्र भागवू नका. आता एक पोस्टकार्ड कडेवर उभं करून बघा. पडतं. मधोमध दुमडून उभं केलं, की राहतं. कपाटाचंही तसंच आहे. एका रेषेत उभं असलेलं कपाट बिचकत उभं असतं. त्याला काटकोनात दुसरं बुटकं कपाट जोडलं, की दोघं एकमेकांना धरतात. शिवाय भिंतीकडचं टोक गिट्टी ठोकून लोखंडी अँगलनं आवळायचंच. घरात लहान मूल असेल तर यात तडजोड नाही.

दुमडण्याची ही ताकद पॅरिसमध्ये फार सुंदर वापरली गेली. 1952 साली तिथल्या विद्यापीठ वसाहतीतल्या मेक्सिको भवनासाठी डिझायनर शार्लोत पेरियाँनं झाँ प्रूव्हेच्या कारखान्यासोबत विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं सामान केलं. त्यात एक पुस्तकांचं शेल्फ होतं. झोपायची जागा आणि हातपाय धुवायची जागा यांच्यामध्ये तेच उभं राहायचं. लाकडी फळ्या, आणि त्यांच्या मध्ये दुमडलेल्या पत्र्याचे रंगीत आधार. पत्रा सपाट असता तर लवला असता. दुमडल्यावर त्यानं फळ्या पेलल्या आणि वर रंगही दिले. एका लहानशा खोलीत एक वस्तू इतकी कामं करते, हे मला आजही थक्क करतं.

फळीविषयी एकच सांगतो. पुस्तकांची एक मीटर रांग साधारण 20 ते 25 किलो भरते. अशा सलग भारानं फळीला येणारा बाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे 60 सेंटिमीटरची फळी 120 केली, तर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. 18 मिलिमीटर प्लाय असेल तर दोन आधारांमधलं अंतर 75 सेंटिमीटरच्या आत ठेवावं, असं काकांचं मत. माझंही आता तेच.

स्लॅबला भार होईल का, ही शंका शेजाऱ्यांनी काढली. एवढ्याच लांबी-उंचीची चार इंची विटांची भिंत साडेतीनशे किलोच्या आसपास जाते. पुस्तकांनी भरलेलं कपाट त्याहून हलकं असतं. लाकडी तुळयांच्या जुन्या वाड्यात किंवा चाळीत मात्र आधी जाणकाराला दाखवावं.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळेल. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि तिला टेकलेल्या पुस्तकांना बुरशी धरते, कसर लागते. खोलीच्या मधे आल्यावर पुस्तकांना दोन्हीकडून वारा मिळतो. डेमी आकाराचं पुस्तक जेमतेम 14 सेंटिमीटर रुंद असतं, त्यामुळे 30 सेंटिमीटरच्या आरपार खणात दोन रांगा बसतात, एकीचे कणे हॉलकडे, दुसरीचे अभ्यासाकडे.

सगळ्यात नवल आवाजाचं. कपाट छतापर्यंत जात नाही, म्हणजे आवाज वरून यायलाच हवा. येतोही, पण अर्धाच. पुरुषाच्या भारी आवाजातला 100 हर्ट्झचा सूर घेतला, तर त्याची लाट 3.4 मीटर लांब असते. ती कपाटाला सहज वळसा घालते. ‘स’ आणि ‘श’ यांच्या लाटा मात्र दहा सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही आखूड. त्या फारशा वळत नाहीत. पुस्तकांवर आपटतात, कमीजास्त उंचीच्या कण्यांवरून विखुरतात आणि काही कागदातच जिरतात. छतावरून परतून थोड्या येतात, तेवढ्याच. आणि शब्द ओळखू येतात ते मुख्यतः अशा व्यंजनांवरून. म्हणून हॉलमध्ये आजोबा फोनवर बोलत असले, की पलीकडे मुलीला त्यांचा आवाज ऐकू येतो, पण शब्द नीट कळत नाहीत. आजोबा घरात आहेत हे तिला कळतं आणि गणितही सुटतं.

रात्री कधी तरी मी तिसऱ्या खणातला जाड शब्दकोश ओढून काढतो. त्याच्या रिकाम्या जागेतून पलीकडच्या दिव्याचा पिवळा चौकोन दिसतो आणि त्यात वहीवर चालणारा एक हात.