हवेची होडी आणि वैनगंगेचे पात्र

नागपुरातील एका स्नेह्यांनी मध्यंतरी एक सचित्र जाहिरात माझ्यापुढे ठेवली. डोंगरी नदीच्या फेसाळ पाण्यातून हवा भरून फुगवलेली कॅनो, म्हणजे दोघांनी वल्हवायची लांबट होडी, धावत होती. ‘ही घेऊन मार्कंड्याहून चपराळ्यापर्यंत वैनगंगेने जावे म्हणतो, घेऊ का?’ असा त्यांचा प्रश्न. मी म्हटले, ‘अवश्य घ्या, पण चित्रातल्या नदीसाठी घेऊ नका, वैनगंगेसाठी घ्या.’ तेच आज जरा विस्ताराने सांगतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पीटर हॉल्केट या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने रबर लावलेल्या कापडाचा झगा बनविला होता. तो फुगविला की त्याचीच होडी होई! हल्ली पीव्हीसीचे जाड कापड वापरतात, आणि दोघांची होडी सुमारे पंधरा किलोंच्या गाठोड्यात मावते.

आता आपली नदी पाहा. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणारी वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेस मिळते. तेथून प्राणहिता हे नाव धारण करून सुमारे 113 किलोमीटरांवर सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते. पावसाळ्यात तिच्या वाटेस जाऊच नये. हिवाळ्यात पात्र रुंद, वाळूचे आणि उथळ असते. मधूनच खडक, बुडालेले खुंट आणि ढिवरांची जाळी. भामरागडकडचा एका बुंध्यातून कोरलेला डोंगा वाळूवरून खुशाल ओढावा. हवेची होडी तशी ओढली तर तिचा तळ झिजून फाटतो. म्हणून तळाचे कापड दुहेरी व भक्कम असावे, आणि होडी सरळ चालावी म्हणून खाली लावलेले पाते उथळ पाण्यात काढता यावे. दोन बाजू आणि तळ यांचे हवेचे कप्पे स्वतंत्र हवेत. एक फुटला तरी उरलेल्यांनी काठ गाठता येतो.

उन्हाची गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. सकाळच्या 15 अंशांच्या थंडीत बाहेरच्यापेक्षा 0.2 वातावरणदाब अधिक हवा भरली, आणि तीच होडी दुपारी काठावर तापून 45 अंशांस पोहोचली, तर हा अधिक दाब दीडपटीहून वर जातो व सांधे उसवण्याची भीती असते. तेव्हा जेवणासाठी काठावर थांबताच थोडी हवा सोडावी आणि होडी सावलीत ठेवावी. उलट, उन्हात भरलेली होडी पाण्यात उतरताच थंड होऊन सैल पडते. म्हणून पंप बरोबर असलाच पाहिजे. ठिगळाचे सामानही तसेच.

मात्र या सर्वांच्या आधी लाइफ जॅकेट घ्यावे, तेही माणशी एक, अंगाच्या मापाचे. 2024 च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ, मिरची तोडण्यास नदीपार निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव उलटली आणि त्यांतील स्त्रिया बुडून मरण पावल्या. त्या हौसेने नव्हे, पोटासाठी पाण्यात उतरल्या होत्या. दिवस पुराचे नव्हते, हे ध्यानात घ्यावे. आपण तर हौसेखातर जाणार. आपल्याला सबब कोणती? होडीसाठी हजारो रुपये मोजणारा गृहस्थ जॅकेटापाशी काटकसर करतो, हे मला कधीच उमगलेले नाही.

वर गोसीखुर्दचे धरण आहे, चिचडोहचा बंधारा आहे. दारे उघडली की निरभ्र आकाशाखालीही पाणी चढते. निघण्यापूर्वी पाणी सोडणार काय याची चौकशी करावी, रात्री मुक्काम वाळूच्या बेटावर करू नये, आणि बंधाऱ्याजवळ होडी नेऊच नये. चपराळ्यास अभयारण्य असल्याने वनखात्याची परवानगीही आधी काढावी लागेल.

स्नेह्यांनी होडी घेतली. पहिल्या दिवशी त्यांना मी कमरेइतक्या संथ पाण्यात, जॅकेट घालून, ती मुद्दाम उलटावयास लावली. पुन्हा आत चढण्यास दोघांना तीन प्रयत्न लागले. मार्कंड्याचा बेत त्यांनी महिनाभर पुढे ढकलला आहे.