‘अ‍ॅडव्हाइस’ या नामाचा प्रयोग

वडीलधाऱ्यांनी दोन सल्ले दिले, असे मराठीत आपण निःशंकपणे म्हणतो. परंतु तोच आशय इंग्रजीत मांडताना ‘टू अ‍ॅडव्हाइसेस’ किंवा ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ असे लिहिणे अशुद्ध ठरते, कारण त्या भाषेने हे नाम पाण्याप्रमाणे अगणनीय मानले असून, संख्या दाखवावयाचीच झाल्यास ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’, अन्यथा ‘सम अ‍ॅडव्हाइस’ अशी योजना तेथे रूढ आहे. ‘ही गेव्ह मी सम गुड अ‍ॅडव्हाइस’ हे वाक्य निर्दोष होय. क्रियापदही एकवचनीच: ‘हिज अ‍ॅडव्हाइस वॉज साउंड’.

मात्र बँका व पेढ्यांच्या व्यवहारात, रकमेचा भरणा झाल्याची लेखी सूचना या अर्थी, हेच नाम गणनीय होते आणि तेथे ‘अ‍ॅडव्हाइसेस’ हे अनेकवचन बिनदिक्कत चालते. ही सवलत त्या दफ्तरापुरतीच समजावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नामाच्या वर्णलेखनात ‘सी’ असून उच्चार ‘स’ होतो, तर क्रियापदात ‘एस’ येऊन उच्चार ‘झ’ होतो. इंग्रजी अर्जाचा मसुदा पक्का करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी व कारकुनांनी एवढे एक अक्षर अवश्य ताडून पाहावे.